खिशाची खोळ

गेल्या डिसेंबरात आमचा भाचा जपानहून आला. जपानहून येणारा भाचा काहीतरी घेऊन येणार, ही आमची अपेक्षा असते. आणि जे आणील ते आपल्याला चालू करता येणार नाही, ही आमची खात्री. या खेपेला त्याने छोट्या पाकिटांचे एक पुडके आणले. आकाराने आणि वजनाने ते पाकीट मला चहाच्या पुडीसारखे वाटले. मी ते कपात टाकून वर उकळते पाणी ओतण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात भाचा ओरडला,

"मामा, ते प्यायचं नाही, खिशात ठेवायचं!"

"खिशात? कशाला?"

"हात गरम राहतात. वरचं वेष्टण फोडायचं आणि खिशात टाकायचं. तासन् तास चालतं."

मी फोडले आणि टाकले. थोड्याच वेळात कोटाचा खिसा असा काही उबदार झाला, की आपला खिसा गरम आहे असे मला आयुष्यात प्रथमच म्हणता आले. आता हा वाक्प्रचार जरा नाजूक आहे. मी छत्तीस वर्षे सरकारी कचेरीत काढली आणि माझा खिसा निवृत्तीपर्यंत गारच राहिला. (यात माझ्या सचोटीचा भाग किती आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींचा भाग किती, हे मी कधी तपासले नाही.) पण भाषेची गंमत पहा. 'खिसा गरम करणे' आणि 'हात ओले करणे' या दोन्हींचा अर्थ मराठीत एकच. वास्तविक थंडीच्या दिवसांत या दोन गोष्टी एकमेकींच्या कट्टर वैरी. ज्याचे हात ओले, त्याने गरम खिशाचे करायचे काय? हे वाक्प्रचार घडवणारी मंडळी नाशिकची नसणार.

कारण नाशिकची थंडी ही चेष्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. मुंबईचा पाहुणा पारा अठरावर आला की मफलर शोधू लागतो. आमच्याकडे अठराला पंखा बंद करायचा की नाही यावर चर्चा होते. ९ फेब्रुवारी २०१२ या दिवशी नाशिकचा पारा २.७ अंशांवर आला होता. शेजारच्या निफाडला तर डिसेंबर २०१८ मध्ये तो दोन अंशांच्याही खाली घसरला. अशा रात्री शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, कारण थंडीने मणी तडकतात. जिथे द्राक्षांना शेकोटी लागते, तिथे माणसाने खिशात हात घातले तर त्याला उद्धट म्हणू नये. आमचे शाळामास्तर म्हणत असत. पण त्यांचे स्वतःचे हात शालीत असत.

असो. भाच्याने त्या पाकिटाचे मर्म सांगितले. आत लोखंडाचा भुगा, मीठ, कोळशाची पूड आणि थोडे पाणी. वेष्टण फोडले की हवा आत शिरते आणि भुगा गंजू लागतो. लोखंड गंजताना उष्णता बाहेर टाकते. साधा खिळा गंजतो तेव्हाही टाकते, पण इतकी सावकाश की खिळ्यालासुद्धा पत्ता लागत नाही. भुगा झटपट गंजतो म्हणून ऊब कळते. हे ऐकून मी न्हाणीघराकडे पाहिले. आमचा नळ गेली वीस वर्षे निष्ठेने गंजतो आहे, पण त्याने गरम पाण्याचा एक थेंब दिलेला नाही.

जपानी लोकांना याचे वेड जुने. पूर्वी ते दगड तापवून, फडक्यात गुंडाळून कपड्यांच्या आत छातीशी ठेवीत. झेन भिक्षू भूक मारण्यासाठीही असा ऊन दगड पोटाशी धरीत, असे सांगतात. आणि 'कायसेकी' या नावाने जी महागडी जपानी मेजवानी मिळते, त्या नावातही हाच छातीशी धरलेला दगड आहे म्हणे. उपाशी माणसाच्या दगडाचे नाव मेजवानीला देणारी जमात जगात काहीही करील! दगडानंतर निखाऱ्याच्या डब्या आल्या. १९२३ साली निइची मातोबा या गृहस्थाने प्लॅटिनमच्या साहाय्याने बेंझिनची वाफ ज्वाळेशिवाय जाळणारी, खिशात मावणारी डबी काढली. आणि १९७८ साली च्युइंगमसाठी प्रसिद्ध असलेल्या लोट्टे उद्योगाने ही गंजणारी, वापरून फेकायची पाकिटे बाजारात आणली. आमच्या काश्मीरच्या लोकांनी एवढा खटाटोप केला नाही. त्यांनी वेताच्या टोपलीत मातीचे भांडे बसवले, भांड्यात निखारे घातले आणि ती काँगडी सरळ फेरनच्या आत घेतली. मात्र ही ऊब महागातही पडते. पोटावर आणि मांड्यांवर वर्षानुवर्षे चटके बसून तिथे कर्करोग होतो, हे एल्मस्ली नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८६६ सालीच लिहून ठेवले होते.

मी हे सगळे ज्ञान सौभाग्यवतीला सांगितले. तिने पाकीट हातात घेतले, उलटेपालटे केले आणि म्हणाली,

"म्हणजे आजेसासूबाईंची खोळच की ही! फक्त वाळूच्या जागी लोखंड."

आणि मी गप्प झालो. चाळीस वर्षांत मला खोळ आठवली नव्हती.

खोळीची कथा सांगायची तर कोटापासून सुरुवात करावी लागेल, आणि कोटाची कथा ७ जानेवारी १९४५ पासून. त्या दिवशी नाशिकचा पारा ०.६ अंशांवर उतरला होता. ही थंडी आमच्या आजोबांची खास मालमत्ता होती. पुढे कुठल्याही हिवाळ्यात कुणी कुडकुडले की आजोबा म्हणत, "ही कसली थंडी? पंचेचाळीस साली त्या दिवशी पहाटे मी रामकुंडात बुडी मारली होती." आजी आतून म्हणे, "कुंडापर्यंत गेले होते."

बुडी मारली असो वा नसो, आजोबांनी त्या दिवशी कोटाचा निश्चय केला. त्याच वर्षी महायुद्ध संपले. आमच्याजवळच देवळालीला लष्कराची मोठी छावणी. मायदेशी परतणारे गोरे सोजीर तिथे बोटीची वाट पाहत महिनोन् महिने बसत आणि त्या कंटाळ्याने काहींची डोकी फिरत. इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द आमच्या देवळालीचाच. नाशिकने जगाला द्राक्षे तर दिलीच, पण वेडालाही नाव दिले. तर युद्धानंतर लष्करी सामान 'डिस्पोजल' या नावाने बाजारात आले आणि त्यातला एक जाड लोकरीचा कोट आजोबांनी घेतला. त्याचा मूळ मालक सहा फुटांच्या वर असावा. आमच्या घराण्याची सरासरी उंची पाच फूट तीन इंच. आजोबा कोट घालून उभे राहिले की दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसत.

कोट एक आणि घरात कर्ते पुरुष तीन. त्यामुळे कोटाचे वेळापत्रक असे. पहाटे काकडआरतीला आजोबा. दिवसा सायकलवरून कचेरीत जाणारे वडील. रात्री, कुठे जातो हे न सांगता जाणारे आमचे धाकटे काका. मधल्या वेळात मी. मी आत शिरलो की बाहेरून फक्त कोटच दिसे.

या कोटाला एक खोड होती. त्याचे खिसे बर्फासारखे गार. हे कोडे मला पुष्कळ वर्षांनी उलगडले. कोट अंगाला ऊब देतो, म्हणजे अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पण खिसा असतो कोटाच्या बाहेरच्या अंगाला. आपले अंग आणि खिसा यांच्या मध्ये कोटाची अर्धी जाडी, अस्तर, सदरा आणि बंडी. म्हणजे अंगाची ऊब खिशापर्यंत पोचत नाही, आणि बाहेरच्या वाऱ्याला मात्र एकच पदर ओलांडायचा असतो. त्यातून खिशाचे अस्तर पातळ सुती. आणि थंडी पडली की शरीर आधी काळीज, फुप्फुसे वगैरे मातबर मंडळींची सोय लावते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून तिकडचे रक्त कमी करते. हात म्हणजे शरीराच्या कचेरीतले शिपाई. कपात पहिली त्यांच्यावर.

आजीला रक्तवाहिन्या ठाऊक नव्हत्या, पण शिपायांचे हाल दिसत होते. तिने खोळ शिवली. पंजाएवढी पिशवी. आत, म्हणजे हाताला लागणारे कापड जुन्या नऊवारीचे, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. बाहेर जाड मांजरपाट. मध्ये फलानिनीचे तुकडे, आणि सगळ्यावरून गोधडीसारखा बारीक धावदोरा. थर जितके जास्त, तितकी त्यांच्यात हवा अडकते आणि अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. गोधडीचे सगळे शास्त्र एवढेच. पिशवीच्या तोंडाशी दोन टिचबटणे आणि खिशाच्या काठाला त्यांचे जोडीदार. टिच् टिच् केले की खोळ खिशात बसे, पुन्हा टिच् टिच् केले की बाहेर. शिवाय बाहेरच्या अंगाला एक चोरकप्पा. कडाक्याच्या दिवशी आजी नदीची धुतलेली वाळू तव्यावर भाजे, तिची पुरचुंडी बांधून त्या कप्प्यात सरकवी आणि म्हणे, "जा आता. हात बाहेर काढू नका."

खोळ सुटी का? तर लोकरीचा कोट उठल्यासुटल्या धुता येत नाही, खोळ धुता येते. वाळू गार झाली की बदलावी लागते. आणि मुख्य म्हणजे कोट घराण्याचा असला तरी खोळ ज्याची त्याची. आजोबांच्या खोळीला तपकिरीचा वास. वडिलांच्या खोळीत पेपरमिंटच्या गोळ्या. काकांची खोळ हुंगण्याची आम्हांला मनाई होती.

खिसा सुटा असतो हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. आपल्याला वाटते, खिसा हा कपड्याचा जन्मजात अवयव आहे. तसे नाही. खिसा मुळात सुटाच होता; तो कपड्याला चिकटला फार उशिरा. १९९१ साली आल्प्स पर्वताच्या बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. ओट्झी असे त्याचे नाव ठेवले आहे. त्याच्या अंगावरच्या कपड्यांना खिसे नव्हते, पण कमरेच्या पट्ट्याला कातडी पिशवी होती आणि तिच्यात गारगोटीची हत्यारे आणि आग पेटवायची बुरशी. शिवाय सालीच्या डब्यात, पानांत गुंडाळून निखारे नेण्याची सोय. म्हणजे हा गृहस्थ ऊब बरोबर घेऊनच फिरत होता. मेला तो बाणाने, थंडीने नव्हे.

आपला 'खिसा' हा शब्दसुद्धा फारसीतल्या 'कीसा'वरून आला, आणि कीसा म्हणजे थैली. आपल्याकडे कमरेला कसा होता, पानतंबाखूला कप्प्याकप्प्यांची चंची होती, औषधाला आजीबाईचा बटवा होता. बाराबंदीच्या नावात बंद बारा, खिसा एकही नाही. युरोपात सतराव्या शतकात पुरुषांच्या कोटांना आणि विजारींना खिसे शिवले जाऊ लागले. बायकांचे खिसे मात्र पुढेही दीड-दोनशे वर्षे सुटेच राहिले. कमरेला नाडीने बांधलेल्या दोन पिशव्या, वर घेरदार झगा, आणि झग्याला हात घालण्यापुरती फट. पुढे अंगाबरोबरच्या झग्यांची फॅशन आली, पिशव्यांना आत जागा उरली नाही, आणि बायकांच्या हातात चिमुकली पर्स आली. म्हणजे पुरुषाचा खिसा कपड्याला शिवला गेला आणि बाईचा हातात आला. त्याबरोबर तिचा एक हात कायमचा अडकला.

सुट्या खिशाचा एक धोका मात्र इतिहासाच्या पुस्तकांत नाही, तो आमच्या घरात आहे. १९५९ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री उशिरा आलेल्या काकांनी कोट खुंटीला अडकवला आणि खोळ काढायला विसरले. पहाटेच्या अंधारात आजोबांनी तोच कोट चढवला. देवळात आरतीचे तबक समोर आले. आजोबांनी खिशात हात घालून जे हाताला लागले ते भक्तिभावाने तबकात टाकले. पुजाऱ्यांनी निरांजनाच्या उजेडात पाहिले आणि म्हणाले,

"अप्पा, ही सिनेमाची तिकिटं आहेत. आणि फाडलेली आहेत."

घरी आल्यावर काकांना उठवण्यात आले.

"कुठला सिनेमा?" आजोबांनी विचारले.

"सांगत्ये ऐका," काका पुटपुटले.

"सांग. ऐकतोच आहे."

"अहो, सिनेमाचं नावच 'सांगत्ये ऐका' आहे!"

ही गाठ सुटायला अर्धा तास गेला. मग आजीने शांतपणे विचारले, "पण तिकिटं दोन का?" त्यावर काका एकदम खोळीची टिचबटणे तपासू लागले. पुढच्या वैशाखात ते दुसरे तिकीट आमच्या घरी काकू होऊन आले. तिलाही आजीने पहिल्या हिवाळ्यातच खोळ शिवायला शिकवली, म्हणजे काकांची खोळ शिवायला.

आता इथे मला इंग्लंडातला एक सरकारी नोकर आठवतो, कारण सरकारी नोकराला सरकारी नोकरच आठवणार. सॅम्युअल पेप्स त्याचे नाव. त्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. त्या काळी तिकडे हात गरम ठेवायला 'मफ' वापरीत. मफ म्हणजे केसाळ कातड्याची, दोन्ही टोकांना उघडी अशी नळी. दोन बाजूंनी दोन हात आत घालायचे. कोटातून फुटून निघालेला खिसाच म्हणा ना. ३० नोव्हेंबर १६६२ रोजी पेप्सने नोंद केली आहे, की थंडी पडल्यामुळे आपण आजपासून मफ वापरू लागलो. तो बायकोचा गेल्या वर्षीचा आहे आणि तिला आता नवा घेतला आहे.

ही नोंद वाचून मी पूर्वी हसलो होतो. आता हसू येत नाही. पेप्सने निदान बायकोला नवा तरी घेतला.

कारण मी आठ वर्षांचा असताना एका सकाळी आजीला विचारले होते, "आजी, तुझी खोळ कुठे आहे गं?"

"माझी?" आजी म्हणाली. "खोळ घालू कशात? लुगड्याला खिसा असतो होय रे?"

मला हा विनोद भलताच आवडला. रात्री पंगतीत मी तो सगळ्यांना सांगितला. वडील हसले, काका हसले, आजोबांना तर हसून ठसका लागला. आजीसुद्धा हसली. मग ती उठली, आणि गार पाणी घेऊन ताटे घासायला बसली.

आजीचे हात बारा महिने गार असत. बोटांना भेगा, भेगांत कोकमतेल. आम्हांला ताप आला की तिने कपाळावर हात ठेवला तरी पुरे. पट्टीची गरज पडत नसे. माठ गार असतो तसे आजीचे हात गार असतात, अशीच आमची समजूत होती. माठ गार का असतो हे मी शाळेत शिकलो. आजीचे हात गार का, हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत आला नाही.

ती १९८४ साली गेली. तिच्या ट्रंकेत खोळींचे नऊ जोड निघाले. त्यांत माझेच चार, वाढत्या मापाचे. माप ती टेपने कधी घेत नसे. आमचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरून बसे, डोळे मिटून पुटपुटे, आणि कात्री उचले. मला तेव्हा वाटायचे, किती वेळ लावते ही! आता वाटते, तेवढाच वेळ तिचे हात गरम होत असतील.

भाच्याने दहा पाकिटे आणली होती. नऊ मी वापरली. दहावे हातात घेतले तेव्हा पहाटेचे सहा वाजले होते, आणि स्वयंपाकघरात सौ. नळाच्या पाण्याखाली रात्रीची भांडी घासत होती. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गारठलेल्या पाण्याला काय म्हणतात ते नाशिककराला सांगायला नको. तिच्या स्वेटरला खिसा नव्हता. लग्नाला पंचेचाळीस वर्षांच्या वर झाली. मी तो कधी शोधलाही नव्हता.

मी खोळ शिवायला घेतली. तीन दिवस लागले, दोन बोटे टोचली, आणि टिचबटणाचे जोडीदार एकमेकांकडे पाठ करून बसले. स्वेटरला बाहेरून खिसा लावला, आत खोळ बसवली, खोळीत दहावे पाकीट ठेवले आणि सगळे तिच्यापुढे धरले. तिने टाके पाहिले. हसली नाही, हे तिचे मोठेपण.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हात कधी घालू यात? सकाळी सहा ते दहा माझे हात पाण्यातच असतात."

सगळ्या इतिहासात एवढा साधा मुद्दा कुणी मांडला नसेल. मी निमूटपणे बाह्या सरसावल्या.

तेव्हापासून सकाळची भांडी मी घासतो. ती ओसरीवर उन्हात बसते, एका हातात चहाचा कप आणि दुसरा हात खोळीत. पाकीट केव्हाच संपले. आता मी तव्यावर वाळू भाजतो आणि पुरचुंडी करून देतो. ती जरा जास्त तापली की आतून हाक येते, "अहो, हात भाजला!" मी म्हणतो, "पंचेचाळीस सालच्या थंडीत..." ती म्हणते, "कुंडापर्यंत गेले होते."

म्हणजे बघा, छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत जे जमले नाही, ते निवृत्तीनंतर घरबसल्या जमले. हात ओले झाले आणि खिसाही गरम झाला. हात माझे आणि खिसा तिचा, एवढाच काय तो फरक. यात लाच कुणी कुणाला दिली, ते मात्र अजून ठरायचे आहे.